पान एकोणिसावरचा पालापा

पलीकडच्या काठाहून दुखरे गुडघे घेऊन होडीने आलेले आजचे अध्यक्ष दातू मांगोर्सी, ज्यांना आज आपण निरोप देत आहोत ते पाकशास्त्राचे शिक्षक हाजी साइदामेन बांतुआस, मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, समोर बसलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि पडद्यामागे पियापारानच्या पातेल्याशी उभ्या असलेल्या माझ्या बहिणींनो, सर्वांना अस्सलामु अलैकुम.

सर्वांत जुना सहकारी म्हणून मला पाच मिनिटं दिली आहेत आणि सरांविषयी चांगलं बोला असं बजावलं आहे. चांगलं बोलायला दोन मिनिटं पुरतील. उरलेली तीन मी स्वतःसाठी ठेवतो.

तर ती दोन मिनिटं. साइदामेन सर बत्तीस वर्षांत एकदाही उशिरा आले नाहीत. त्यांच्या टोपीवर कधी हळदीचा डाग पडला नाही. त्यांच्या वर्गातल्या मुलींनी शिजवलेल्या पिवळ्या भाताचा दाणा दाण्याला चिकटत नसे. मी वरच्या वर्गात कविता शिकवायचो आणि खालून भाजलेल्या खोबऱ्याचा वास यायचा. खरं सांगतो, पुष्कळ कवितांचा अर्थ मला त्या वासानेच लागला. मुलं फळ्याकडे बघायची, मी खिडकीतून सरोवराकडे बघायचो, आणि तास संपायचा. रियांदांगचं मांस चार तास मंद आचेवर आटवा, घाई करू नका, असं खालून सरांचं सांगणं चालायचं. घाई करू नका, हे त्यांचं आवडतं वाक्य.

घाई त्यांनी माझ्या माहितीत एकदाच केली. दोन मिनिटं संपली. आता त्या दिवसाविषयी.

दारात प्रत्येकाला सरांचं नवं पुस्तक मिळालं आहे. आपल्या मारानाव स्वयंपाकाचं पुस्तक. छपाई सुंदर आहे, मुखपृष्ठावर तुगायाचं पितळी तबक आहे. पुढच्या वर्षापासून ते वर्गात लावणार आहेत. एकोणिसावं पान काढा. चष्मा नसेल तर राहू द्या, मी वाचतो. 'पालापा हा कुटलेला तिखट मसाला म्हणजे आपल्या ताटाचा मान. तो बेफिकीर हाती दिला तर काय होते, हे बावीस वर्षांपूर्वीच्या समेटाच्या जेवणात गावाने पाहिले. एका स्वयंपाकिणीच्या निष्काळजीपणाने पाहुण्यांपुढे आपली मान खाली गेली.'

नाव घातलेलं नाही. सर सभ्य आहेत. पण या सभागृहात असं कोण आहे, ज्याला ते नाव ठाऊक नाही? ओमेरा. तुम्ही तिला आत्याच्या मानाने बाबो म्हणता. माझी ती धाकटी बहीण.

सर, बसा. तबकं अजून वाढलेली नाहीत.

तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. तेव्हा दोन काठांत वैर होतं. अकरा वर्षं इकडची होडी तिकडे लागत नव्हती. शेवटी समेट ठरला आणि अध्यक्षांचे वडील, म्हणजे तेव्हाचे दातू, चाळीस माणसं घेऊन जेवायला येणार असा निरोप आला. जेवणाची सगळी व्यवस्था सरांकडे होती आणि पालापा ओमेराकडे. तेव्हा या गावात लग्न असो की मयत, पालापा तिनेच कुटायचा. पहाटे तिचं मुसळ सुरू झालं की मला आमच्या शाळेतल्या जुन्या गुरुजींची आठवण यायची. ते कविता शिकवताना बाकावर असाच ठेका धरायचे. आदल्या दिवशी तिने सकुराब, आपली डोंगरातली कांदापात, निवडली. बोटभर पात, नखाएवढा पांढरा गड्डा, मुळांना अजून डोंगराची माती. आलं, मिरची, भाजलेलं खोबरं घेतलं आणि चाळीस माणसांचा पालापा कुटून झाकून ठेवला.

सकाळी निरोप आला की चाळीस नव्हे, नव्वद येताहेत.

सकुराब डोंगरावरून यायला दिवस लागतो. ओमेरा मासे आणि कोंबड्यांत अडकलेली. मी कविता घोकायला स्वयंपाकघरामागच्या केळींत गेलो होतो, कारण त्या दिवशी पाहुण्यांपुढे मी सरोवरावरची माझी कविता म्हणणार होतो. तिथे उखळाशी सर एकटे बसले होते. पायांपाशी जांभळ्या सालांचा ढीग होता. सकुराबला जांभळी सालं नसतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. ते बाजारातला कांदा कुटत होते. कुटून त्यांनी तो ओमेराच्या पालाप्यात कालवला, वरून खोबरं पसरलं आणि मान वर केली तर समोर मी.

मला वाटलं, आता ते ओशाळतील. ते म्हणाले, "मास्तर, कविता पाठ आहे ना? तुम्हाला अगदी सुरुवातीला ठेवलंय. दातूंच्या शेजारी."

पुढचं ज्येष्ठांना आठवत असेल. तबकं मांडली. मी दातूंच्या शेजारी बसलो. तोवर उन्हात कांद्याला पाणी सुटलं होतं, वर कडवट तवंग आला होता. अध्यक्षांच्या वडिलांनी बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि वाटी एका बोटाने बाजूला सारली. नव्वद माणसांचे हात थांबले. अकरा वर्षांनी उघडलेला दरवाजा त्या वाटीवर पुन्हा लागायची वेळ आली होती. आणि साइदामेन सरांनी मोठ्याने विचारलं, "पालापा कोणी कुटला?"

ओमेरा पडद्यामागून पुढे आली. कडेची वाटी उचलून तिने वास घेतला. एकदाच. मग म्हणाली, "मी कुटला. चूक माझ्या हातून झाली. पाहुण्यांनी गावावर राग धरू नये."

दातू म्हणाले, बाईच्या हातून होतं कधीकधी. आणि जेवण पुढे सुरू झालं.

रात्रभर मी तिच्याशी भांडलो. वासावरूनच तुला कळलं होतं, मग कबूल का केलंस? ती भांडी घासत होती. म्हणाली, "भाई, यजमानाने पाहुण्यांच्या तोंडात कांदा घातला असं कळलं असतं, तर तो अपमान गावाने केला असता. स्वयंपाकिणीची चूक झाली तर ती नुसती चूक. तुझ्या एवढ्या कवितांत हे कुठे शिकवत नाहीत का?"

मारताबात म्हणजे काय, यावर मी वर्गात बत्तीस वर्षं बोललो. आपल्या माणसाचा मान राखण्यासाठी जीव देणारी आणि घेणारी किती उदाहरणं मी मुलांना सांगितली असतील. स्वतःच्या नावाची वाटी पालथी घालून गावाचा मान राखणारी एकच पाहिली, आणि ती माझ्या घरात भांडी घासत होती. त्यानंतर तिला लग्नाला कोणी बोलावलं नाही. म्हणजे, बोलावलं. जेवायला. उखळाशी नाही.

सर, तुम्ही तेव्हा गप्प राहिलात, ते मी एका परीने समजू शकतो. समेट टिकायला हवा होता. पण आज? आज या काठाच्या मुली त्या काठाला नांदतात. अध्यक्षांची सून आपल्या शाळेची आहे. कोणाच्या भीतीने तुम्ही 'निष्काळजीपणा' हा शब्द छापलात? बावीस वर्षं तिच्या पाठीआड उभं राहून वर तिलाच वर्गात धडा म्हणून लावणार?

मुख्याध्यापिका बाई, चिठ्ठी मिळाली. वेळ संपली आहे, हे खरं आहे.

सरांना आता मुलाकडे मनिलाला जायचं आहे. प्रवासाला निघालेल्याला पालाप्याची बरणी द्यायची, ही आपली रीत. ही ती बरणी. ओमेराने पाठवली आहे. मी नको म्हणत होतो, ते लिहून ठेवा. वीस दिवसांपूर्वी निमंत्रण आलं त्याच सकाळी तिने उखळ बाहेर काढलं, धुतलं, कुटलं, तेलात परतून बरणी भरली. बावीस वर्षांनी तो ठेका मी ऐकला आणि अंथरुणात उठून बसलो. तिने सांगितलंय, "त्यांना म्हणावं, वाटेत घाबरू नका, आंबणार नाही."

सर, झाकण उघडा. सभेसमोर. बोट लावा. तुमच्यासारखा जाणकार गावात दुसरा नाही.

काय आहे?

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल, सर माइकपासून दूर आहेत. सर म्हणाले, "सकुराब."

आणि त्या दिवशी काय होतं, सर?

नाही, अध्यक्ष महाराज, आपण मध्ये पडू नका, त्यांना वेळ द्या. घाई करू नका.

... मान खाली घातली त्यांनी. आणि बोलले. पुढच्या रांगेने ऐकलं, मागच्यांसाठी मी सांगतो. सर म्हणाले, "कांदा. मी कालवला होता."

झालं. माझं एवढंच काम होतं. एकोणिसावं पान वर्गात जाण्याआधी काय करायचं ते मुख्याध्यापिका बाई ठरवतील.

मंडळी, तुमच्यापैकी काहीजण शेवटी मी कविता म्हणेन म्हणून थांबला आहात. नाही म्हणणार. त्या दिवशी वाटी बाजूला सरल्यावर, ओमेरा पडद्यामागे गेल्यावर, सरांनी मला खूण केली आणि मी उठून सरोवरावरची कविता म्हटली. सगळी. सोळा कडवी. टाळ्याही घेतल्या. जांभळी सालं दोघांनी पाहिली होती. त्यातल्या एकाला आज शाल मिळाली आहे. दुसरा तुमच्यासमोर बोलतो आहे. सरांना मी जे विचारलं, ते मला कोणी बावीस वर्षांत विचारलं नाही, हे माझं नशीब.

अध्यक्षांनी ऐकून घेतलं, शाळेने बोलावलं, पडद्यामागच्या बहिणींनी एवढा वेळ पातेली गरम ठेवली, सर्वांचा मी ऋणी आहे. साइदामेन सरांचा प्रवास सुखाचा होवो, बरणी त्यांच्याचकडे राहू द्या. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक आलं असेल, म्हाताऱ्याची जीभ घसरली असेल, तर सभेने पोटात घालावं. मात्र माझ्या त्या गप्प राहण्याची माफी मी सभेकडे मागत नाही. ती जिच्याकडे मागायची, ती शेवटच्या रांगेत खांबाआड बसली आहे, आणि मला दिसतंय, तबकं बाहेर येताहेत तशी ती सवयीने उठायला लागली आहे.

ओमेरा, बस. आज तू वाढायचं नाहीस. पहिलं तबक तुझ्यापुढे येतंय.