निरोपाचा विडा

— नाही रे, बस ना, उभा कशाला? रावसाहेब बोलावतील तेव्हाच आत जायचं, तोवर हे बाकडं आपलं. या टोकाला सरक, पंख्याचा वारा इकडेच लागतो. शौर्य ना तू? गेटवर तुझे बाबा सांगत होते — 'हा आमचा शौर्य.' मी विक्रमसिंह. हसू नकोस, तू तर मुळीच हसू नकोस! बडोद्यात आपल्या लोकांच्या तलवारी आता फक्त नावात उरल्यात. नाव विक्रमसिंह, काम डिस्पॅच. व्हॉल्व्ह खोक्यात भरायचे, टेम्पोवाल्याशी गुजरातीत भांडायचं, पार्टीला फोनवर सांगायचं, 'माल नीकळी गयो छे' — आणि माल पायाशी पडलेला असतो. तेच काम आता तू करायचंस, माझ्या जागी. मी चाललोय. म्हणजे, चाललोय असं समज.

कंपनी चांगली आहे हां. अख्ख्या गोरव्यात रावसाहेबांसारखा शेठ नाही, कुणालाही विचार. दसऱ्याला लेथपासून हातगाडीपर्यंत सगळ्यांना झेंडू, घरी कुणी आजारी असलं तर स्वतः फोन करतात, आणि आवाज म्हणून चढवत नाहीत. कधीच नाही. तेच तर — जाऊ दे. चहा घेतोस? बाहेर चहाची लारी आहे, आमच्या शिपायाला, रमणभाईला सांगतो. नको? बरं. ते बघ, काचेतून दिसतायत तुझे बाबा. सोफ्यावर बसवलंय त्यांना. बसलेत कसे बघ — अगदी कडेवर, हात गुडघ्यांवर, जणू सोफा मळेल. कॉफी आली का? नाही अजून. मग वेळ आहे.

कसला वेळ? काही नाही. असंच म्हटलं.

मी का सोडतोय? विचारलंस ते बरं केलंस. हालोलला नोकरी लागलीय. मोठी कंपनी, बस न्यायला येते. तिथल्या कोमल मॅडमनी दोनदा तारीख पुढे ढकलली, काल म्हणाल्या, विक्रमसिंह, सोमवारी रिलिव्हिंग लेटर घेऊन या, नाहीतर दुसरा मुलगा तयार आहे. लेटर आहे रे! मृदुलाताईंनी कधीच टाइप करून ठेवलंय, त्या कपाटाशेजारच्या टेबलावर. सही नाही. राजीनामा मी उन्हाळ्यात दिला, आता गरब्याचे पास विकायला निघालेत. मकरपुऱ्यातली एक नोकरी या पायी गेली, ही दुसरी. आणि रावसाहेब नाही म्हणतात का? छे! नाही म्हणाले असते तर भांडलो असतो, टेबलावर हात आपटला असता, मोकळा झालो असतो. ते म्हणतात, 'थई जशे.' होऊन जाईल. चष्मा पुसतात आणि म्हणतात, थई जशे. अरे, कधी? पावसाळ्यात थई जशे, गणपतीत थई जशे. या शहरात माणूस मेला तरी त्याला सांगतील, थई जशे.

आपलीच माणसं हवीत त्यांना. म्हणून तर तुझ्या बाबांना निरोप गेला. रावसाहेबांचे पणजोबा दरबारात मानकरी होते म्हणे. असतील. आता दरबार म्हणजे ही केबिन, आणि उरलंय काय, तर एक चांदीचं तबक. आधी दरबार उठायचा तो पानसुपारीने — अत्तर लागलं, विडा हातात आला, की समजायचं, निघा. ते यांनी कारखान्यात आणून ठेवलंय. लाडाने म्हणतात, 'आमची रीत.' माणूस कामाला लागला की त्याच्या घरच्या मोठ्या माणसाने इथे विडा उचलायचा, म्हणजे तो मध्येच सोडून जाणार नाही याची हमी. आणि माणूस जाताना रावसाहेब त्याला स्वतःच्या हाताने विडा देणार, मग सही. विडा नाही तर सही नाही. मी राजीनामा ठेवला तेव्हा त्यांनी तो वाचला पण नाही. म्हणाले, 'विक्रम, राजीनामा नोकर देतात. घरची माणसं निरोप घेतात. वडिलांना घेऊन ये.'

आणि मी घेऊन आलो! गाढव! काय बोलणार — आमचे पिलाजीराव म्हणजे नुसते वाटच बघत होते. लग्नातला कोट काढला, उन्हाळ्यात, कोट! रावसाहेबांनी एक वाक्य टाकलं — 'तुमच्या आजोबांनी आमच्या आजोबांचा घोडा सांभाळला, पिलाजीराव, ते आम्ही विसरलो नाही.' संपलं. बापाचे डोळे भरून आले. घोडा सांभाळला म्हणजे काय केलं रे? लीद काढली. तिसऱ्या पिढीला त्या लिदीचा गहिवर! आणि तबक पुढे आलं तसा माझ्या बापाने वाकून विडा उचलला आणि म्हणाला, 'बदली माणूस तुमच्या मनासारखा तयार होईपर्यंत आमचा विक्रम हलणार नाही.' मला विचारलं? मी शेजारी उभा होतो. बघितलं पण नाही माझ्याकडे. घरी भांडलो तर म्हणतो, मोठ्यांच्या हातचा विडा मागे फिरवायचा नसतो. मनासारखा! यांच्या मनासारखा माणूस अजून जन्मायचाय. तुझ्याआधी एकाला शिकवला, हुशार होता, रावसाहेब म्हणाले, 'मुलगा बरा आहे, पण अजून घरचा झाला नाही.' तो घरचा व्हायच्या आत पळाला. त्याच्या घरून कुणी विडा घेतला नव्हता ना, त्याला काय!

मी पण पळेन की. गेट काय बंद आहे? उद्या आलो नाही तर कोण मला बांधून आणणार? पण — हे बघ, हे कुणाला सांगू नकोस. मी कॉलेज सोडलंय. मध्येच. कुणाला न सांगता, एक दिवस गेलोच नाही, मग गेलोच नाही. फेल-बिल नव्हतो. तेव्हापासून घरात माझं नाव अर्धवट. काका आला की पहिलं विचारतो, 'काय अर्धवट, आता काय सोडलंस?' दात कोरत विचारतो. स्वतः आयुष्यभर एका खुर्चीत बसून रिटायर झाला, त्याला वाटतं त्याने किल्ला लढवला. तर मला एकदा, फक्त एकदा, नीट सोडायचंय. सांगून. सहीने. त्या कागदावर लिहिलेलं असतं बघ, याचं काम समाधानकारक होतं. ते काकाच्या ताटाशेजारी ठेवायचंय. हालोल गेलं खड्ड्यात — नाही, हालोल पण हवंय.

कॉफी गेली बघ आत. रमणभाईने कपबशा नेल्या. बाबा तुझे उठून घेतायत, बघ. रमणभाईला पण नमस्कार केला.

तू किती दिवस करणार इथे? ... सहा महिनेच? मग? ... अहमदाबादला, डिझाइनचा कोर्स? प्रवेश मिळाला पण? पक्का? फक्त पुढच्या सत्रात सुरू होणार म्हणून मधले सहा महिने... बरं, हे आत कुणी सांगितलंय? बाबा सांगतील? शौर्य, तुझे बाबा कॉफीच्या बशीला दोन्ही हात लावून बसलेत, ते सांगतील?

ऐक. मला गप्प बसायला सांगितलंय. सकाळी रावसाहेब म्हणाले, 'त्या मुलाला बाहेर बसव, गोड बोल, घाबरवू नकोस. त्याच्या वडिलांनी, लक्ष्मणरावांनी विडा उचलला की दुपारी तुझा विडा, तुझी सही.' आज दुपारी! समजतंय का तुला? मी फक्त तुला या बाकड्यावर बसवून ठेवायचं, बस. आणि मी बसवलाय. पंख्याखाली बसवलाय. आजची पानंसुद्धा मीच आणली, खंडेराव मार्केटमधून, येताना, निवडून निवडून, एक डाग नको त्यांना. रोज मीच आणतो. माझ्या बापाने उचलला त्या विड्याची पण मीच आणली होती. ते स्वतः बांधतात, वर लवंग टोचतात, फार सुंदर बांधतात, हात सुंदर आहेत म्हाताऱ्याचे.

बघू नकोस माझ्याकडे असा. मी तुझा कोण लागतो? तू सांभाळ तुझं. सहा महिने काय, वर्ष गेलं तरी मरत नाही कोणी. अहमदाबाद कुठे पळून जातंय? थई जशे.

...रमणभाई उठला. तबक काढतोय.

शौर्य, जा आत. आत जा म्हणतो ना! बोलावलं नाही तर काय झालं, दार ढकल आणि जा, बाबांचा हात धर, हातच धर, नुसतं बोलून होणार नाही, ते ऐकणार नाहीत. म्हण, सहा महिन्यांनी मी जाणार आहे, तारीख ठरलीय, आत्ताच सांगतो. जमत असेल तर ठेवा, नाहीतर राहू द्या. मोठ्यांसमोर कसं बोलू? तेच! हेच तोंड घेऊन मी उभा होतो तिथे, त्या टेबलापाशी, संस्कारी. कोटाची बाही ओढली असती तरी पुरलं असतं. बाबांना वाईट वाटेल, वाटू दे. त्यांना एका संध्याकाळपुरतं वाटेल. ऊठ!

रमणभाई, एक मिनिट, एक मिनट ऊभा रहो ने — बघ, थांबवलाय त्याला, फार वेळ थांबणार नाही. जा. आणि हे कुणी शिकवलं विचारलं तर माझं नाव घेऊ नकोस, तुझं तूच — नाही. थांब. घे नाव. ते विचारणारच. सांग, बाहेरच्या विक्रमने सांगितलं. विक्रम नको. पूर्ण सांग, बाबांसकट सांग. विक्रमसिंह पिलाजीराव मोहिते.

जा.