मिटलेल्या पुस्तकातला उतारा

मला कसलं हट्टी म्हणता? हट्टी बघायची तर आमची कोंडाबाई बघायला पाहिजे होती.

निजामाचे शेवटचे दिवस होते आणि मी निलंग्याला पाळक होतो. रविवारी चर्चमध्ये बायबलमधलं काय वाचणार, ते आदल्या दिवशी ठाण्यावर सांगावं लागायचं. मी मोशेचा उतारा ठरवला होता. तो फारो राजाला तोंडावर सांगतो, देवाच्या लोकांना सोड म्हणून.

ठाण्याचा अमीन, म्हणजे तिथला फौजदार, म्हणाला, "पाद्रीसाब, राजाबिजा नको. दुसरं काही काढा."

"प्रार्थना करून निवडलाय. बदलणार न्हाई."

"मग उद्या ती किताब उघडायचीच न्हाई. उघडलेली दिसली तर चर्चला कुलूप ठोकतो."

"बरं, न्हाई उघडत," मी म्हणालो.

रविवारी अमीन स्वतः येऊन मागं बसला. मी बायबल मिटूनच ठेवलं आणि पुढं बसलेल्या म्हाताऱ्या कोंडाबाईला विचारलं, "मावशी, मोशे राजाला काय म्हणाला?"

आमच्या मंडळीत उतारे तोंडपाठ करायची रीतच होती. कोंडाबाई उठली, पदर सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाली. दुसऱ्या ओळीला अख्खी मंडळी उभी राहून तिच्यासोबत म्हणू लागली.

अमीन तरातरा पुढं आला. "ही किताब जप्त!"

कोंडाबाईनंच बायबल उचलून त्याच्या हातात ठेवलं. "न्या की साहेब. आमच्यात वाचायला येतंय कुणाला?"