खड्डा म्हणायचं नाही

अरे, आमच्या मरोळच्या स्टुडिओतली गंमत ऐक. मी लिहिलेल्या मालिकेत सासू रस्त्यावरच्या खड्ड्यात पडते आणि तिचा पाय मोडतो. चॅनलची शिल्पा म्हणाली, "खड्डा काढ. उगाच वर कुणाला तरी झोंबेल."

"कुणी काही बोललं का?"

"बोलेपर्यंत थांबायचं का?"

या चॅनलवाल्यांचं तोंड कुणाला दाबावं लागतच नाही, यांचा स्वतःचाच हात तिथे तयार असतो! शेवटी आमची सासू सपाट रस्त्यावर चक्कर येऊन पडली.

शूटिंग संपवून निघालो, तर गेटबाहेरच शिल्पाचा पाय खड्ड्यात गेला. धाडकन आपटली. मी हात देत विचारलं, "काय झालं गं?"

बाईने आधी आजूबाजूला बघितलं. मग घोटा चोळत म्हणाली, "चक्कर आली रे."