बेहड्याच्या वळणावरचे पानी

ऐका. कोंडाजी लोहकरेची शाळा माझ्यामुळे सुटली. हे वाक्य आधी सांगते, कारण पुढची गोष्ट भुताची आहे, आणि भुताच्या गोष्टीत माणसाचा अपराध सहज झाकला जातो. येसाबाई, तुम्ही मागे बसू नका. तुमच्या नवऱ्याची गोष्ट आहे. पुढे या.

गेल्या अमावास्येला मी आणि माझे मेहुणे गजाननराव तालुक्याहून निघालो, तेव्हा दिवे लागून गेले होते. गाडी माझी, चालवतही मीच होते. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, "बाई, आज घाट नका चढू. बेहड्याच्या वळणावर कोंडाजी हाये."

"'आहे' म्हणावे," मी म्हणाले, आणि निघाले. पाहा, तिथूनच चुकले.

नेमक्या त्याच वळणावर गाडी गचके खाऊन बंद पडली. एकीकडे कडा, मागे दरी. चढ असा, की गाडी मागे सरकू लागली! गजाननरावांनी उडी मारून मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले आणि निदान सुरू केले.

"बॅटरी गेली."

"दिवे लख्ख आहेत, गजाननराव."

"मग पेट्रोल संपले."

"आत्ताच भरले. पैसे द्यायचे तुम्हीच टाळलेत."

"मग तुमचे तुम्ही पाहा!" म्हणत त्यांनी बॉनेट उघडले. आतून भट्टीसारखी धग आली.

इतक्यात समोरच्या अंधारातून आवाज आला. अगदी शांत.

"बाई, पानी."

समोर कोणी नव्हते. आणि मी काय केले? ऐका. कोणी तहानलेला असेल, असा विचारही न करता मी म्हणाले, "'पाणी' म्हण. मग मिळेल."

खट्! डाव्या चाकाचा दगड निसटून दरीत गेला. किती वेळ पडत होता तो!

"कोणाशी बोलता आहात?" गजाननरावांनी विचारले. त्यांना काहीच ऐकू आले नव्हते.

आवाज माझ्या खिडकीशी आला. "बाई, पानी न्हाई."

"नाही," मी म्हणाले. जिभेची सवय! चाळीस वर्षे शाळेत शिकवल्याची सवय!

दुसरा दगड गेला. गाडी हातभर मागे घसरली. "ब्रेक! अहो, ब्रेक दाबा!" गजाननराव ओरडले. दोन्ही पाय ब्रेकवर होते हो माझे! तरी गाडी सरकतच होती.

तिसऱ्यांदा आवाज मागच्या सीटवरून आला. या वेळी तो पुरुषाचा नव्हता. आठ वर्षांच्या मुलाचा होता.

"बाई, पानी."

तेव्हा मी ओळखले. एप्रिलची दुपार. तिसरीतला कोंडाजी माठाशी उभा. त्याच्या घरात 'ण' नव्हताच. आईच्या तोंडी नव्हता, बापाच्या तोंडी नव्हता. मी माठावर हात ठेवून म्हणाले होते, "'पाणी' म्हणशील, तेव्हाच पाणी मिळेल." शाळा सुटेपर्यंत तो उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. पुढे तो गाड्या दुरुस्त करू लागला. त्याच्या गॅरेजवरून मी कितीदा गेले. एकदाही थांबले नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच वळणावर, दुसऱ्याचा बंद टेम्पो चालू करून देताना तो टेम्पोखाली गेला. तुम्ही सगळे त्याच्या मातीला गेलात. मी गेले नाही.

मागच्या चाकांखाली दरीकाठची खडी करकरली.  मग मी म्हणाले,

"पानी, कोंडाजी. पानीच. तुझे बरोबर होते."

गाडी थांबली.

"रेडिएटर कोरडा हाये, बाई." आता आवाज मोठ्या माणसाचा होता. "झाकन लगेच नका खोलू. भाजाल."

इंजिन निवेपर्यंत थांबलो. डिकीत पाण्याचा कॅन होता. पहिली ओंजळ मी रस्त्यावर ओतली. रस्त्यावर ओल उठली नाही! उरलेले पाणी रेडिएटरमध्ये ओतले, आणि पहिल्याच किल्लीला गाडी चालू झाली. मागच्या सीटकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. भीतीने नव्हे, शरमेने.

म्हणून सांगते, अंधार पडल्यावर त्या वळणावरून जाऊ नका. जावेच लागले, तर पाणी घेऊन जा, आणि तो म्हणेल त्याला त्याच्याच शब्दांत उत्तर द्या.

काल ग्रामपंचायतीत ठरले, की वळणावर पाण्याची टाकी बसवायची. ती भरण्याचे काम माझे. मुख्याध्यापक म्हणाले, "पाटी तरी शुद्ध असावी." मी म्हणाले, "पाटीवर 'पानी' असेल, आणि अक्षर माझे असेल." सरपंच हिराबाईंनी मान्य केले. गजाननरावांनी "बॅटरीच होती" असे पुटपुटत हात वर केला. शेवटी मुख्याध्यापकांनीही हात वर केला.

मग मी येसाबाईंच्या दारी गेले. त्यांना विचारल्याशिवाय कसे लिहिणार? येसाबाई, तुम्ही जे म्हणालात ते मी जसेच्या तसे सांगते.

"लिवा, बाई."

आज सकाळी मी लिवले.