बारा नंबरची बासरी

आमी मूळचे भंडाऱ्याकडले. बाबा रेल्वेच्या यार्डात लागले म्हून इकडे दुर्गजवळ चरोद्याच्या क्वार्टरमधी आलो, तवा मी पाच-सहा वर्साचा असन. माहा लहान भाऊ अशोक, त्याचा जन्म इथलाच. मी पेटी वाजवो, तो बासरी. विहारात भीमगीतांचं आमचं मंडळ होतं, जयंतीले दुर्गहून बोलावनं येये. काय सांगू तुमाले, त्याचा समोरचा दात अर्धा तुटला होता, तं सुराच्या आधी थोडी हवा निंघे, फस्स अशी, मंग सूर. लोकं हासत. माय म्हने हासू द्या, डोये मिटले तरी मले समजते माहाच पोरगा होय.

काविळीनं गेला तो. लग्नबी नोतं झालं. टेप आमच्या घरी नोता, त्याचा आवाज कुठीच राह्यला नाई.

मंग एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली, त्यायचा जुना सिंथेसायझर मंडळानं घेतला अन् माह्यापाशी ठेवला, पेटीवाला मीच ना. पन बटनं सारे इंग्रजीत, काही समजे नाई. वैशाली नगरात एक बंगाली दादा कीबोर्ड वाजवत, त्यायच्याकडे जाओ. त्यायनं सांगितलं, पट्टी दाबल्यावर सूर किती लवकर उठते तो अटॅक, उठून थोडा खाली बसते तो डिके, बोट हाय तवरी टिकते तो सस्टेन, अन् बोट उचलल्यावर विराले वेळ लागते तो रिलीज. मी म्हनलं दादा, पेटीत तं हे सारं भात्यावरच होते. ते म्हने यहाँ भाता नहीं है भाई, मशीन को सब बताना पड़ता है.

मले एकच आवाज बनवाचा होता, कोनाले सांगितलं नाई. अटॅक हळू केला. फिल्टर राहाते, सुरातला चरचरीतपना गाळते, तो खाली घेतला. तरी अशोक येये नाई. मंग दादांनं नॉईज दाखवला, नुसती हवेची सरसर, तो घरी येऊन सुराच्या आधी थोडासा टाकला अन् काय सांगू, अशोक आला. माय सिगडीपाशी होती, पिठाच्या हातानं तशीच आली, खाली बसली.

तो आवाज बारा नंबरवर ठेवला. मशीन बंद करा, चालू करा, बारा दाबा, अशोक. ड्युटीवरून आलो का माय म्हने, लाव रे त्याले. कितीक वर्सं असंच.

एका संध्याकाळी बारा दाबला तं भलतंच काही वाजलं, भोंग्यासारखं. दादांनं खोलून पाह्यलं, म्हने आत एक लहानशी बॅटरी राहाते, आपन बनवलेले आवाज तिच्याच भरवशावर टिकतेत, ती संपली. नवी बसवली, पन गेलेलं आलं नाई. येवढे शब्द शिकलो मी, हे कोनी सांगितलंच नोतं. मायले सांगितलं तं म्हने, एकदा काविळीनं नेला तं नेला, आता दुसऱ्यांदा तू कावून नेला रे. त्याच्यानंतर तिनं माही पेटीबी ऐकली नाई, तशीच गेली.

पुना बनवाले बसलो, अजूनबी बसतो. तोच अटॅक, तोच नॉईज, जमत नाई. कावून का अशोकले आठवाले गेलो तं त्याची बासरी कानात येतच नाई, मशीनची येते, तीबी अर्धवट. खरी कशी होती कोनाले विचारू, ओळखनारी एक माय होती.

तुमी टेपवर माहं बोलनं भरून राह्यले, भरा. सुखी राहा. पन घरी गेले का आधी आपल्या मायले ह्या टेपसमोर बसवा, ती बोलून राह्यली तवरी.