‘घर खचले आहे’ असा रकाना

(नगरपालिकेच्या तक्रार विभागातला लांब बाक. समोर जाळीची खिडकी, तिच्यामागे कारकून. बाकावर नणंद आणि भावजय.)

वहिनी: ‘पहिल्याच रकान्यात खूण कर आणि मोकळी हो, खालचं कुणी वाचत नाही.’ अगदी याच शब्दांत म्हणाला होतात, वन्सं.

नणंद: मग? खोटं होतं का? खालचं वाचलं कुणी?

वहिनी: नाही. पहिलंच वाचलं.

नणंद: तेच म्हणतेय मी.

वहिनी: पण पहिल्या रकान्यात ‘घर खचले आहे’ असं छापलं होतं.

नणंद: छापलं होतं तर छापलं होतं! रस्त्याची तक्रार घेऊन आलो आणि हे आपल्याच घरावर उठतील, हे मला स्वप्नात दिसणार होतं का? पस्तीस वर्षं इस्पितळात वॉर्ड सांभाळला मी. दुखतो गुडघा आणि कापायला घेतात डोकं, असा डॉक्टर कधी पाहिला नव्हता. तो इथे नोकरीला लागलाय.

कारकून: बाई, आवाज. आत सुनावणी चालू आहे.

नणंद: आत ऐकू जातंय का? तसं असेल तर अजून मोठ्यानं बोलते. एरवी तीन अर्ज दिले, कुणाला ऐकू गेले नाहीत.

कारकून: नंबर काय तुमचा?

वहिनी: एक्केचाळीस.

कारकून: आत्ता सतरा चालू आहे. बसा.

नणंद: बसलोच आहोत. सकाळी नऊला बसलो, बारा वाजले. हा बाक तेवढा खचलाय, त्याला द्या नोटीस.

वहिनी: वन्सं, पाणी घ्या दोन घोट. मी विचारून बघते. साहेब, एक विचारू?

कारकून: मी साहेब नाही. साहेब आत आहेत.

नणंद: हे एक खरं बोलले.

वहिनी: आमचं घर क्रमांक सात. सोमवारी कुलूप लावणार म्हणून कागद आलाय. तुमच्याकडे जरा बघता का, काय लिहिलंय?

कारकून: सात... हे काय. ‘तक्रार: घर खचले आहे. तक्रारदार: स्वतः घरमालकीण. निर्णय: घर राहण्यास धोकादायक. सोमवारी सकाळी दहा वाजता रिकामे करून कुलूप.’ यात विचारण्यासारखं काय आहे? तुम्ही म्हणालात, आम्ही ऐकलं. नाही ऐकलं तर म्हणता, नगरपालिका ऐकत नाही.

वहिनी: घर नाही हो खचलं. रस्ता वर आला. चारदा डांबर घातलं, आणि चारही वेळा जुनं न खरवडता त्याच्याच उरावर. लग्न होऊन आले तेव्हा दोन पायऱ्या चढून घरात शिरले होते. आता दोन पायऱ्या उतरून शिरतो. जरा सर पडली की गल्लीचं सगळं पाणी आमच्या घरात मुक्कामाला.

कारकून: म्हणजे घर रस्त्याच्या खाली आहे.

वहिनी: हो, पण...

कारकून: मग तेच लिहिलंय.

नणंद: तुम्ही खुर्चीवर उभे राहिलात म्हणजे मी बुटकी झाले का?

कारकून: आमच्या रकान्यात तसा फरक नाही.

वहिनी: दाराचं तरी ऐका. खोली लहान, आत माझं शिवणयंत्र मावावं म्हणून सासऱ्यांनी दार बाहेर उघडणारं बसवलं. प्रत्येक डांबराला ते अडायला लागलं. मग खालून कापलं. परकर आखूड करावा तसं तीनदा कापलंय. चौथ्यांदा सुतार म्हणाला, आता कापलं तर खिडकी होईल.

नणंद: भिंतीला केसाएवढी चीर नाही! कुणी येऊन बघितलं का?

कारकून: पाहणी झाली आहे. तारीख आहे कागदावर. नऊ तारीख, सकाळी अकरा.

नणंद: नऊ तारखेला? मी ओट्यापाशी, ही खिडकीत यंत्रावर. चार ब्लाउज शिवून उठली त्या दिवशी. चिटपाखरू आलं नाही.

कारकून: आत यावं लागत नाही. बाहेरून दिसतं.

नणंद: काय दिसलं बाहेरून?

कारकून: घर खाली आहे असं दिसलं.

नणंद: डोळे आहेत म्हणायचे! वहिनी, चल इथून. इथे बसून माझ्या डोक्याची शीर तुटेल.

वहिनी: जाऊन कसं चालेल? नंबर पुकारला आणि मी नसले तर?

कारकून: गैरहजर धरतात. प्रकरण बंद. सोमवारी कुलूप.

वहिनी: तक्रार मागे घेतली तर?

कारकून: पंधरा दिवसांत घेता येते.

वहिनी: पण नोटीसच सोळाव्या दिवशी आली.

कारकून: हो, येते तशीच.

नणंद: बघितलंस? यात मात्र कशी मोजणी चुकत नाही!

वहिनी: वन्सं, थांबा जरा. साहेब... नाही, भाऊ म्हणते. भाऊ, आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत. अकराही अशीच खाली गेलीत. मग नोटीस आम्हाला एकट्यांनाच का?

कारकून: बाकीच्यांनी कुठे तक्रार केली?

नणंद: ते करतायत तक्रार! मेंढरं आहेत सगळी. पाणी शिरलं की खाटेवर पाय घेऊन बसायचं आणि ओसरलं की फडकं मारायचं. मागच्या वर्षी सगळ्यांचा मिळून अर्ज लिहिला मी. स्वच्छ अक्षरात, दोन पानं. तो इस्त्रीवाला म्हणे, आमची सही नको, आमच्याकडे पालिकेच्या लोकांचे कपडे येतात. चष्मेवाला म्हणे, घरी विचारून सांगतो. अजून विचारतोय! आणि कोपऱ्यावरची ती... तिला तर शुद्धच नाही. म्हणे, आधी सगळ्यांच्या होऊ देत, मग मी करते.

वहिनी: आणि तुम्ही तिच्यासमोरच तो अर्ज फाडलात.

नणंद: फाडला. तिच्याच दारात टाकला. पुसायला उपयोगी पडेल म्हटलं.

वहिनी: तेव्हापासून आपल्याकडे कुणी येत नाही.

नणंद: न येवोत. गर्दी कमी.

वहिनी: माझं गिऱ्हाईक होतं त्यांच्यात, वन्सं.

कारकून: तुमचं कौटुंबिक झालं असेल तर खिडकी मोकळी करा. मागे रांग आहे.

वहिनी: एकच विचारते, भाऊ, मग हटते. मी शिंपीण. माझ्याकडे एकीचा ब्लाउज घट्ट झाला तर मी म्हणते, बाई, तुमच्या अंगाला लागलंय. पण एकाच आठवड्यात दहाजणींचे घट्ट झाले, तर मी दहाजणींना नाही बोल लावत. माझी टेप काढून बघते. तुमच्याकडे असं काही नाही का? सगळ्यांचंच घर खचलं तर?

कारकून: सगळ्यांचं कसं खचेल?

वहिनी: तेच म्हणते मी. खचलं, तर तुम्ही काय बघता?

कारकून: ...तसा नियम आहे एक. थांबा. मागच्या पानावर असतो. ‘एकाच गल्लीतील सहा किंवा अधिक घरे खचल्याची तक्रार आल्यास प्रकरण घरांचे न धरता रस्त्याचे धरावे. सर्व नोटिसा स्थगित कराव्यात. मुख्य अभियंत्याने स्वतः जागेवर जाऊन मोजणी करावी.’

नणंद: आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?

कारकून: तुम्ही आत्ता विचारलंत.

वहिनी: असं कधी झालंय इथे?

कारकून: एकोणीस वर्षं या खिडकीत बसलोय. एकदाही नाही. लोक शेजाऱ्याची तक्रार घेऊन येतात. शेजाऱ्याला बरोबर घेऊन कुणी येत नाही.

नणंद: याचं तोंड बघून वाटलं नव्हतं, पण बोलतो खरं.

वहिनी: कधीपर्यंत चालेल, भाऊ?

कारकून: आज शुक्रवार. पाचला खिडकी बंद. उद्या-परवा सुट्टी. सोमवारी नऊला खिडकी उघडते, पण कुलपाची गाडी आठला निघते.

नणंद: वा! काय ती शिस्त!

वहिनी: कोरे अर्ज द्या मला. पाच.

कारकून: एका माणसाला एकच मिळतो.

नणंद: मग एक मला द्या. एक मागच्या आजोबांना द्या, ते मला देतील. एक त्यांच्या मागच्या बाईंना. किती वेळ घालवायचाय तुम्हाला?

कारकून: ...हे घ्या पाच. आणि त्यांच्या स्वतःच्या हातची सही पाहिजे. अंगठा असेल तर ठळक.

वहिनी: वन्सं, इकडे बाकावर या. हे धरा.

नणंद: मी कशाला धरू? तू निघ. पंधरा मिनिटांची वाट आहे. तुझ्याशी अजून बोलतात तरी ते.

वहिनी: घर माझ्या नावावर आहे. पुकारलं तर मला उभं राहावं लागेल. तुम्ही उभ्या राहिलात तर चालणार नाही.

नणंद: मी जाऊ? त्यांच्या दारात? मी दिसले की दार लावून घेतील.

वहिनी: धड लागतात कुठे कुणाची दारं? डांबर मध्ये येतं.

नणंद: हसू नकोस. मला नाही जमायचं हे. हुकूम द्यायला सांग, देईन. झाडायला सांग, झाडीन. अख्ख्या जन्मात कुणाच्या दारात उभं राहून ‘द्या हो’ म्हटलेलं नाही मी. आणि त्यांना? ज्यांना सही करायला घरी विचारावं लागतं त्यांना?

वहिनी: खरं आहे तुमचं.

नणंद: मग?

वहिनी: मग सोमवारी यंत्र कुठे ठेवायचं ते बघू. तुमच्या गोळ्यांचा डबा, दोन खाटा. माझ्या भाच्याकडे जिन्याखाली जागा आहे म्हणतो. एकीची आहे. दुसरीचं बघावं लागेल.

नणंद: ...असं बोलू नकोस.

वहिनी: नाही बोलत.

नणंद: मला इस्पितळाची खोली सोडावी लागली तेव्हा तुझा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. तूच म्हणालीस, या. आणि मी तुला म्हटलं, पहिल्याच रकान्यात खूण कर. वाचलं नव्हतं गं मी. चष्मा लावायचा कंटाळा केला. असल्या लोकांचा कागद काय वाचायचा, म्हटलं.

वहिनी: मला ठाऊक आहे.

नणंद: कधीपासून?

वहिनी: त्याच दिवसापासून. चष्मा तुमच्या पिशवीतच होता.

नणंद: आणि तरी खूण केलीस?

वहिनी: तुमच्याशी वाद घालायचा मी पण कंटाळा केला.

नणंद: ...दे ते अर्ज. कुणाकुणाकडे जायचं?

वहिनी: कोपऱ्यापासून सुरू करा. त्या घरात सही झाली की बाकीचे करतील. पण वन्सं, मला एक वचन द्या.

नणंद: घालूनपाडून बोलणार नाही. झालं?

वहिनी: ते तर आहेच. दुसरं आहे. त्यांनीही पहिल्याच रकान्यात खूण करायची आहे. आपला धरून सहा नाही झाले, पाचच झाले, तर त्यांच्याही घरांना कुलूप लागेल. हे त्यांना आधी सांगायचं. सही झाल्यावर नाही, आधी.

नणंद: आधी सांगितलं तर एक जण तरी करेल का सही?

वहिनी: नाही केली तर नाही. आणि पाच पुरे नाही झाले, तर जे झाले असतील ते इथे आणायचेच नाहीत. ज्याचा त्याला परत देऊन यायचं.

नणंद: चार झाले तरी?

वहिनी: चार झाले तरी.

नणंद: आणि आपलं घर?

वहिनी: आपलं घर आपल्या खुणेनं जाईल. त्यांचं आपल्या खुणेनं नको.

नणंद: तू ना... वॉर्डात अशी एक नर्स होती माझ्याकडे. आवाज नाही, काही नाही. सगळे तिचंच ऐकायचे. मला फार राग यायचा तिचा.

वहिनी: वचन राहिलं.

नणंद: दिलं. आधी सांगेन. पुरे नाही पडले तर परत देईन. हातात देईन, दारात टाकणार नाही. बस?

कारकून: एकोणीस नंबर! एकोणीस!

वहिनी: निघा आता. ऊन आहे, छत्री घ्या. पेन आहे ना?

नणंद: आहे. ...वहिनी.

वहिनी: हं?

नणंद: त्या कोपऱ्यावरच्या बाईला गल्लीत काय म्हणून हाक मारतात गं? मी आपली ‘ती’च म्हणत आले इतकी वर्षं.

वहिनी: ताई म्हणतात सगळे.

नणंद: माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल.

वहिनी: तरी ताईच.

नणंद: ...‘ताई, जरा बोलायचं होतं.’ असं म्हटलं तर?

वहिनी: असंच म्हणा. याच आवाजात.

नणंद: बरं. येते मी.