डिस्क बदलली कोणी?

दातांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक सासूबाई आणि त्यांची सून नंबर लागायची वाट बघत होत्या.

"काल रविवारी भरल्या ताटावरून उठून पळालीस ती कशाला गं?"

"आई, आमच्या हॉस्पिटलमधले सगळ्यांचे एक्स-रे एका मोठ्या यंत्रात साठवतात. त्यातल्या डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवायची सोय मी नुकतीच बसवलीय. काही बिघडायला लागलं की माझ्या मोबाइलवर इशारा येतो."

"मग आला होय?"

"पहिलावहिला! एक डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. साहेबांना फोन केला, तर म्हणाले, 'तुझी सोयच गंडलीय, उद्या बघू.'"

"आणि तू?"

"गेले आणि डिस्क बदलली. संध्याकाळी तिच्या शेजारचीनं मान टाकली! एक डिस्क गेली तर बाकीच्यांवरून सगळं परत मिळतं, दोन एकदम गेल्या तर नाही. पण तोवर नवी डिस्क भरून तयार होती, म्हणून एकही एक्स-रे गेला नाही."

"शाब्बास! साहेब काय म्हणाले?"

"सगळ्यांना सांगत होते, 'आम्ही वेळेवर धावलो.'"

"आम्ही? तो मेला कुठे धावला?"

"जाऊ द्या हो."

"जाऊ कसं द्या? लाव त्याला फोन."

"आई, आत्ता तुमचा दात काढायचाय!"

"म्हणूनच म्हणते, तोंड बधीर व्हायच्या आत लाव."